काचेवरची अक्षरं

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर तर त्याहून. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर हाती पेन आला तो बहुतेक किराणाच्या यादीपुरता. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी उमगलं नाही, ओळी वर चढतात नाहीतर खाली उतरतात. कोणी ही वही उघडलीच तर चुका पोटात घालाव्या. ज्या माणसाबद्दल लिहायला बसले त्याचा सारा जन्म अक्षरं काढण्यात गेला, म्हणून लाज जास्त वाटते.

मेहकरच्या बसस्टँडसमोर त्यांचं दुकान होतं. लोक त्यांना नुसतं पेंटर म्हणत, मी पेंटरभाऊ म्हणायची. अर्ध्या मेहकरच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. पाटी रंगवताना ते आधी वर मधोमध श्री काढत, मग दुकानाचं नाव, आणि सगळ्यात शेवटी खाली उजव्या कोपऱ्यात मालकाचा प्रो., म्हणजे प्रोप्रायटर, आणि त्याचं नाव. 'प्रो. सुकल्याशिवाय पैसे नाही घेत,' असं म्हणत. मग फ्लेक्स आलं. चार दिवसांची पाटी चार मिनिटांत छापून निघू लागली. वर्षभर त्यांनी वाट पाहिली, की उन्हानं फ्लेक्सचा रंग उडेल आणि लोक परत येतील. रंग उडाला, पण लोकांनी नवं फ्लेक्स लावलं.

तेव्हा त्यांनी तीन कॉम्प्युटर आणले आणि इंटरनेटचं दुकान टाकलं. मी तिथं झाडलोट करायची, पाणी भरायची, चहा आणायची. दाराशी स्टुलावर बसून कोण किती वेळ बसलं ते पाटीवर लिहायची. माझं तोंड कमी उघडत असे. गिऱ्हाइकानं काही विचारलं तर मी मान हलवी. त्यांनी एकदा मला म्हटलं, "सुमन, तू बोलत नाही ते बरं हाय. पण ऐकत राहाजो. ऐकणारं मानूस आता भेटत नाही."

त्यांच्या सवयी पाट्या रंगवणाऱ्याच्याच राहिल्या. कॉम्प्युटरवर एक ओळ लिहून झाली की काचेवर हळूच फुंकर मारत. कोणी बोट लावायला गेलं तर ओरडत, "वल्लं हाय अजून!" पोरं हसत. मग ते उठून दुकानाबाहेर जात, रस्ता ओलांडून एसटीच्या कुंपणाशी उभे राहत आणि डोळे बारीक करून तिथून काचेकडं पाहत. पाटी ही रस्त्यापलीकडून वाचता आली पाहिजे, हा त्यांचा नेम. एकदा असं मागं मागं सरकताना काळीपिवळी जीपखाली येता येता वाचले. ड्रायव्हर म्हणाला, "पेंटर, मरायचं हाय का?" हे म्हणाले, "थांब न बे, वाचू दे."

पुढं ते पान करू लागले. म्हणजे नेटवरचं पान. फावल्या वेळात मला त्याबद्दल सांगत, कारण दुसरं ऐकणारं कोणी नव्हतं. नेट नवीन होतं तेव्हा दूरदेशच्या काही चित्रकारांनी ठरवलं, की कागदावर चित्र काढून त्याचा फोटो नेटवर चढवायचा नाही, चित्र नेटवरच काढायचं. कोणी असं पान केलं की उघडल्यावर नुसत्या खुणा दिसाव्या आणि माणसाला वाटावं, मशीन बिघडली. कोणी दाबाल तशी चौकट फुटत जाईल आणि तुकड्या-तुकड्यांत गोष्ट कळेल असं केलं. कोणी ओळखपाळख नसलेल्या माणसांकडून एकेक ओळ मागवली आणि त्याच ओळींचं चित्र केलं.

"मंग ते चित्र ठेवतात कुठी?" मी विचारलं.

"ठेवत नाहीत. कोणी पाहून राह्यलं म्हणजे हाय. नाही तं नाही."

मला ते तेव्हा पटलं नाही. आमच्या घरात जे ठेवता येत नाही त्याला कोणी चित्र म्हटलं नसतं.

त्यांचं पान असं होतं. दुकानात जो येईल त्याला ते एकच विचारत, "आज काय पाह्यलं?" त्यानं जे सांगितलं ते त्याच्याच बोलीत टाईप करत आणि पानावर चढवत. नाव नाही, गाव नाही, नुसतं वाक्य. मात्र प्रत्येक वाक्याच्या आधी श्री. कोणी निकाल पाहायला आला, कोणी फॉर्म भरायला, सगळ्यांकडून वाक्य घ्यायचे. एक कंडक्टर म्हणाला, "आज एक म्हातारी तिकीट काढून खाली उतरली. म्हणे कुठी जायाचं तेच इसरली." शेगावहून परत निघालेला एक जण म्हणाला, "दर्शन नाही झालं, पण चपला होत्या तिथीच भेटल्या." एक माणूस जाता जाता म्हणाला, "भावाले पाह्यलं. त्यानं मले नाही पाह्यलं." हे वाक्य टाईप करताना पेंटरभाऊंनी फुंकर नाही मारली.

हायस्कूलचे एक सर एकदा म्हणाले, "अहो, निदान शुद्ध तरी लिहा. पुण्याची माणसं वाचतील, हसतील."

"हसू द्या ना सर. हासणाराही पाहणाराच असते."

पानाच्या तळाशी एक आकडा होता. कोणी पान उघडलं की तो एकानं वाढे. रोज सकाळी दुकान उघडल्यावर उदबत्ती लावून ते पहिल्यांदा तो आकडा पाहत. त्यातला एक आपलाच, हे त्यांना माहीत होतं. तरी चार वाढले तर चेहरा उजळे. "तीन जन आले रातभरात," ते म्हणत. पाहुणे आल्यासारखं.

आता अक्षरांचं सांगते, कारण सगळं त्यातच अडकलं. त्या वेळी मशीनला मराठी कळत नसे. आतून ती इंग्रजी अक्षरंच धरून बसे, आणि वरून त्यांच्यावर मराठी अक्षरांचा मुखवटा चढवावा लागे. त्याला फॉन्ट म्हणतात. बाजारात मिळणारे फॉन्ट पेंटरभाऊंना आवडले नाहीत. "हे अक्षर इस्त्री केल्यावानी दिसते," म्हणाले. हिवाळाभर बसून त्यांनी आपल्या हातची अक्षरं मशीनमध्ये उतरवली, त्यांच्या पाट्यांवर होती तश्शी, क चं पोट फुगलेलं, र ची शेपटी लांब. आणि कोणतं अक्षर कोणत्या बटणावर ठेवायचं तेही स्वतःच ठरवलं. कीबोर्ड म्हणजे त्यांच्या लेखी एक आडवी पाटीच. म्हणून श्री वरच्या ओळीत मधोमध. जी अक्षरं पाट्यांवर जास्त लागतात ती मधल्या ओळीत, बोटाखाली. आणि खाली उजव्या कोपऱ्याला एका बटणावर अख्खा प्रो. बारीक ब्रशनं प्रत्येक काळ्या बटणाच्या कोपऱ्यावर त्यांनी पांढऱ्या ऑइलपेंटनं ते ते अक्षर काढलं. मोहरीएवढं अक्षर, पण वाचता येई.

माझी माय भाजी विकायची. गुरुवारी बाजाराच्या दिवशी मेहकरला येई आणि परतीच्या गाडीला वेळ असला की दुकानाच्या पायरीवर बसे. पेंटरभाऊ तिला "मावशी" म्हणत. एका गुरुवारी मी दळण टाकायला गेले होते. आले तर माय पायरीवर बसून पदरानं तोंड झाकून हसत होती.

"काय झालं व माय?"

"काई नाही. म्या बी सांगतलं पेंटरले एक."

"काय सांगतलं?"

"तुले काऊन सांगू? तुले वाचता येते ना? वाचजो."

मी वाचलं नाही. कारण काय सांगू. मशीनवर गिऱ्हाईक असे. नसलं तर मला खुर्चीत बसायचा धीर होत नसे. पेंटरभाऊ म्हणत, "बस न, खुर्ची काय खाते का तुले?" पण मी उभ्यानंच काच पुसायची आणि बाजूला व्हायची. वाटे, पान कुठं पळून जातं, वाचू कधीतरी. त्याच साली मायला कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत ती गेली. तिचा फोटो नाही. आधारकार्ड यायच्या आधीच गेली. तिच्या आवाजाचं तर कशातच काही नाही. तिनं जगात कुठं काही लिहून ठेवलं असेल तर ते एक वाक्य, तेही दुसऱ्याच्या हातानं.

दिवस होऊन गेल्यावरही मी ते वाचलं नाही. भीती वाटायची की वाचलं तर संपेल.

दसऱ्याच्या आधी दुकानाला चुना मारला. मारणाऱ्यानं सगळीकडं शिंतोडे उडवले, मशीनवर, टेबलावर, कीबोर्डवर. दसऱ्याला अवजारांची पूजा असते आणि पेंटरभाऊ त्यांच्या जुन्या ब्रशांच्या शेजारी कीबोर्डही मांडत. मला वाटलं, पूजेला तो लखलखला पाहिजे. चुना पाण्यानं निघेना. कोपऱ्यात थिनरचा डबा होता. फडकं भिजवलं आणि घासून घासून पुसलं. चुन्याखाली अक्षरं आहेत हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही. फडकं पांढरं झालं, मी म्हटलं चुना निघाला.

पूजेला बसल्यावर त्यांनी हळदीकुंकवाचं बोट पुढं नेलं आणि ते तसंच थांबलं. मग मला कळलं.

ते म्हणाले, "पाहा आता कशी नवरीवानी दिसते." आणि बोट टेकवलं. नंतर त्या गोष्टीचा एक शब्द कधी काढला नाही. त्यांच्या बोटांना सगळं पाठ होतं, अक्षरं पुसली म्हणून काम अडलं नाही. पण मी विसरले नाही.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी पुण्याहून सतीशचा फोन आला. सतीश आमच्याच गल्लीतला, इंजिनियरिंग शिकायला गेलेला. त्यानं मोठ्या हौसेनं कॉलेजातल्या मित्रांना पेंटरभाऊंचं पान उघडून दाखवलं होतं.

"काका, पानावर नुसता कचरा दिसून राह्यला. एबीसीडी, कंस, टिंबं. मराठी एक अक्षर नाही."

"असं कसं? माह्या काचीवर तं मस्त दिसते."

"काका, फॉन्ट तुमच्या मशीनवर हाय. बाकी जगात कोणाजवळच नाही."

त्यांनी फोन ठेवला. रोज सकाळी जे तीन-चार पाहुणे येत होते त्यांना काहीच वाचता आलं नव्हतं. कोणाला म्हातारी दिसली नाही, कोणाला भाऊ दिसला नाही. ते दुकानाबाहेर गेले, रस्ता ओलांडून कुंपणाशी उभे राहिले आणि तिथून काचेकडं पाहत राहिले. आत आले तेव्हा म्हणाले, "सुमन, बोर्ड उलटा टांगला व्हता आपन. तोंड घराकडं, पाठ रस्त्याकडं."

सतीश म्हणाला होता की फॉन्ट पाठवा, मी काहीतरी करतो. सोमवारी पाठवायचं ठरलं. शनिवारी लाइनीत काय बिघाड झाला देव जाणे, दोनशे वीसच्या जागी भलताच करंट आला आणि तिन्ही मशीन जळाल्या. अकोल्याच्या दुरुस्तीवाल्यानं हात झटकले. हिवाळाभर काढलेली अक्षरं त्यातच गेली. पान नेटवर राहिलं, पण आता त्यांनी कुठल्याही काचेवर उघडलं तरी ते कचराच दिसू लागलं.

कीबोर्डवर ती पांढरी अक्षरं असती तर कोणत्या बटणाखाली काय ते एका दुपारी लिहून काढता आलं असतं. हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. बोटांना पाठ होतं, पण आठवून सांगायला गेलं की डोकं अडे, आणि बोटांनाच विचारावं हे तेव्हा सुचलं नाही. ते बोलले नाहीत. मी तर कधीच बोलत नव्हते.

त्यांनी पान उघडणंच सोडलं. "मेल्याचं तोंड कितीदा पाहावं," म्हणाले. एक जुनं मशीन घेऊन सातबारा, शाळेचे दाखले, झेरॉक्स एवढंच करू लागले. अशी पुष्कळ वर्षं गेली. लोकांच्या हातात मोबाइल आले. दुकानात झेरॉक्सपुरती माणसं उरली. मी सकाळी शाळेत खिचडी शिजवायला लागले, दुपारी झाडायला येई. पगार द्यायला त्यांच्याजवळ नसे. मीही मागत नसे.

मग एक दिवस गाडी घेऊन शहरातली दोन माणसं आली, एक बाई आणि एक तरुण. नेटवर पूर्वी लोकांनी जी चित्रं केली ती हुडकून जपण्याचं काम ते करत होते. अशी पानं आता झपाट्यानं मरताहेत, बाई सांगत होत्या, ज्या मशीनवर ती चालत त्या मशीन उरल्या नाहीत. त्यांना पेंटरभाऊंचं पान सापडलं होतं. बाई चांगल्या होत्या, मलाही नमस्कार केला. पानाबद्दल बोलताना त्यांचा आवाज हलका झाला.

"प्रत्येक ओळ एकाच अक्षरानं सुरू होते, वाय. इंग्रजीत वाय म्हणजे 'का'. सगळं पान जसं विचारतंय, का, का, का. हे तुम्हाला कसं सुचलं?"

पेंटरभाऊ म्हणाले, "ताई, तो श्री हाय."

बाई मान डोलावून म्हणाल्या, "सुंदर." आणि वहीत लिहून घेतलं.

"तसं नाही वो. हे सारे अक्षर हायेत. मराठी."

"बरोबर आहे. शेवटी प्रत्येक खूण अक्षरच असते."

पेंटरभाऊंनी माझ्याकडं पाहिलं. मी पदर तोंडाला लावला. त्यांनी पुन्हा सांगून पाहिलं, पण बाईंनी जे ऐकायला म्हणून इतका प्रवास केला होता तेच त्यांना ऐकू येत होतं. त्या साठ हजार रुपये देत होत्या. पान त्यांच्याकडं राहील, जसं आहे तसं, त्यात कोणी फरक करायचा नाही, असा इंग्रजी कागद होता. पेंटरभाऊंच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, दुकानाचं भाडं थकलं होतं. त्यांनी खाली उजव्या कोपऱ्यात सही केली. शाई सुकेपर्यंत कागद देईनात.

डोळ्याचं झालं, भाडं फिटलं. सहा महिन्यांनी बाईंनी एक मोठा फोटो पाठवला. एका उंच पांढऱ्या भिंतीवर त्यांचं पान छापून लावलं होतं, वरपासून खालपर्यंत. समोर शहरातली माणसं उभी होती. कोणी हात मागं बांधले होते, कोणी मान तिरपी केली होती. पेंटरभाऊ फोटो लांब धरून पाहत होते. एवढी मोठी भिंत त्यांना जन्मात मिळाली नव्हती.

मी मागं उभी होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "भाऊ, याच्यात माही माय कोनती हाय?"

त्यांनी फोटो खाली ठेवला. मग विचारलं, "तुह्या मायनं सांगतलेलं तू वाचलं नाही?"

"नाही."

"मले याद नाही वं सुमन. तीनशेच्या वर लोक हायेत."

दुसऱ्या दिवशी मी आले तर टेबलावर तोच जुना कीबोर्ड. कुठूनतरी माळ्यावरून काढलेला, कशालाही न जोडलेला. मला म्हणाले, "वही घे. आन् बस." मी उभी राहिले. "बस म्हटलं ना. हे उभ्यानं होणारं काम नाही." मी खुर्चीत बसले.

त्यांचं म्हणणं असं, की डोकं विसरतं, हात विसरत नाही. ब्रश सोडून दहा वर्षं झाली तरी र ची शेपटी हातातून आपोआप निघते. मी एक शब्द सांगायचा, त्यांनी डोळे मिटून तो टाईप करायचा, आणि बोट कोणत्या बटणावर पडलं ते मी लिहायचं. मला इंग्रजी येत नव्हतं. बटणावर कोरलेला आकार जसा दिसे तसा मी वहीत काढायची आणि त्यापुढं मराठी अक्षर; पानावर तेच अक्षर लहान लिपीत येई, ते रूप पेंटरभाऊ मागून शेजारी काढून देत.

"सांग."

"मेहकर."

बोटं पडत. डोळे उघडून ते पाहायला गेले की चुकत, म्हणून त्यांनी डोळ्यांवर माझा ओला रुमाल बांधून घेतला. झेरॉक्सला आलेला एक जण दारातच थांबला. "पेंटर, आंधळी कोशिंबीर चालू हाय काय बे?" "हाव, तुह्यावर राज्य येईन, बस तिथी," हे म्हणाले.

सोपे शब्द लवकर झाले. जोडाक्षरांनी छळलं. त्र, ज्ञ, द्ध काही केल्या बोटाला आठवेनात. मग त्यांना सुचलं, की नुसता शब्द नको, पाटी सांग. मी म्हणायची, "श्रीकृष्ण क्लॉथ स्टोअर्स." किंवा "शुद्ध शाकाहारी." त्यांच्या जुन्या पाट्या. मग बोट बरोबर पडे. साऱ्या मेहकरच्या पाट्या आम्ही त्या टेबलावर पुन्हा रंगवल्या. दीड महिना लागला. त्या दीड महिन्यात मी जेवढी बोलले तेवढी आयुष्यात बोलले नसेन.

शेवटच्या दिवशी मी त्यांना थिनरचं सांगितलं. म्हणजे ते त्यांना माहीत होतं, पण मी तोंडानं सांगितलं. "भाऊ, ते अक्षर म्या पुसले व्हते."

रुमाल अजून डोळ्यांवरच होता. म्हणाले, "पूजेसाठी पुसले व्हते ना? मंग झालं."

पेंटरभाऊंनी पान उघडून छापून दिलं, ते कागद मी घरी नेले. दुपारी सगळे बाहेर गेल्यावर वही शेजारी ठेवून एकेक ओळ लावू लागले. एका ओळीला अर्धा अर्धा तास जाई. कंडक्टरची म्हातारी सापडली. चपला सापडल्या. भाऊ सापडला. चौथ्या दिवशी एक ओळ लावता लावता माझा हात थांबला, कारण अर्ध्यातच मला आवाज ऐकू आला.

"आज म्या माह्या पोरीले खुर्चीवर बसलेली पाह्यलं."

मला आठवलं. त्या गुरुवारी दुकान रिकामं होतं, पेंटरभाऊ चहाला गेले होते. मी काच पुसता पुसता सहज खुर्चीच्या कडेला टेकले होते, फार तर दहा श्वास. बाहेर कोणाची चाहूल लागली आणि मी चोरी केल्यासारखी उठले, दळण घेऊन मागच्या दारानं गेले. मायनं ते पाहिलं होतं.

ते मी कोणाला दाखवलं नाही. फक्त त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी सवयीनं ओठ गोल केले, कागदावर फुंकर मारली.

मग ते म्हणाले, "तुह्या मायचं तुले भेटलं. बाकीच्याहीचं काय? कोनाची बायको असन, कोनाचा बाप. थो भिंतीवर टांगून ठेवला हाय, आन् लोक म्हनतात, का, का, का."

सतीश आता गावाकडं परतून ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवत होता. त्यानं माझी वही पाहून सांगितलं, की सगळं पान आता कोणत्याही मोबाइलवर दिसेल अशा मराठीत आणता येईल. पण पान बाईंचं होतं. पेंटरभाऊंनी त्यांना पत्र लिहिलं, या वेळी सतीशकडून नीट समजावून. बाईंचं उत्तर आलं. त्यांना वाईट वाटलं होतं हे दिसत होतं. त्यांनी लिहिलं, आम्ही जे घेतलं ते हेच न वाचता येणारं पान होतं, त्यावर आमचं बरंच काम झालं आहे, त्यात बदल करू देणं आमच्या हाती नाही. तुम्हाला पान परत हवं असेल तर घेतलेली रक्कम परत करावी, व्याज नको, कितीही हप्त्यांत चालेल. पूर्ण फिटेपर्यंत मात्र पान आहे तसंच राहील.

सतीश म्हणाला, "काका, राहू द्या. आपन दुसरं पान बनवू, नवीन. त्याहीले कायले साठ हजार?"

"लोकाहीनं जिथी सांगतलं तिथीच पाहिजे," पेंटरभाऊ म्हणाले. "मानसानं पत्ता बदलला नाही, आपन काऊन बदलाव? आन् पैसे म्या घेतले ते खरे हायेत. श्री इकला म्या वाय म्हनून."

पासष्ट ओलांडल्यावर त्यांनी पुन्हा ब्रश धरला. फ्लेक्सच्या काळात पाटी कोण रंगवून घेतो? पण ट्रॅक्टरच्या मागं नाव लागतं, पाण्याच्या टाकीवर लागतं, शाळेच्या भिंतीवर सुविचार लागतात. हिवरा आश्रमच्या वाटेवरच्या गावागावांत सायकलला डबे बांधून जात. शिडीवर चढून लिहीत, मग उतरून रस्ता ओलांडून पाहत. महिन्याला दोन हजार पाठवत, कधी हजार, कधी काहीच नाही. करोनात दोन वर्षं सगळंच बंद होतं तेव्हा बाईंनी स्वतः कळवलं की थांबा, घाई नाही. हे थांबले नाहीत. किराणा दुकानांसमोर उभं राहायचे गोल आखून दिले आणि ते पैसे पाठवले.

मागच्या पौषात ते गेले. हातात दुखणं नव्हतं, छातीत होतं. शेवटच्या आठवड्यात मी भेटायला गेले तेव्हा चादरीवर बोटं हलवत होते. मी पाहत राहिले आणि मला वाचता आलं. वरच्या ओळीत मधोमध, मग मधली ओळ. पाटी रंगवत होते. कोणाची ते कळलं नाही.

नऊ हजार राहिले होते. त्यांच्या घरच्यांना मी काही म्हटलं नाही, त्यांचं त्यांनाच पुरे होतं. सतीश म्हणाला, "सुमनकाकू, तू कायले? तुह्यं काय देणं हाय त्यात?" मी त्याला थिनरचं सांगितलं नाही. म्हटलं, "माही माय हाय त्यात."

खिचडीच्या मानधनातून तीन तीन हजारांचे तीन हप्ते ठरवले. सतीश मोबाइलवरून पाठवतो म्हणत होता. मला बँकेतच जायचं होतं. पहिल्या वेळी स्लिप चुकली, दुसऱ्या वेळी रांगेतल्या बाईनं भरून दिली. तिसऱ्या वेळी मी टेबलाशी खुर्ची ओढून बसले आणि स्वतः भरली. काउंटरवरच्या साहेबांनी स्लिप उलटीपालटी केली.

"अक्षर लागत नाही बाई. हे काय लिहिलं, तीन का तीस?"

"तीन हजार," मी म्हटलं. माझा आवाज रांगेतल्या सगळ्यांना ऐकू गेला. "शेवटचे हायेत."

त्यांनी शिक्का मारला. दुपारी सतीशच्या दुकानात शहरातल्या बाईंचा फोन आला. त्यानं तो माझ्या हातात दिला. त्या म्हणाल्या, "सुमनताई, रक्कम मिळाली. साठ हजार पूर्ण झाले. आता तुमच्याकडून एक रुपयाही येणं नाही. पान तुमचं झालं."